सातव्या घरावरची नजर

'मुलीच्या पत्रिकेत मंगळ आहे,' एवढे एक वाक्य पुरते आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत जुळत आलेली सोयरीक तिथेच थांबते. मुलगा शिकलेला असतो, मुलगी नोकरीला असते, चिखलीचे पाहुणे मेहकरला आणि मेहकरचे चिखलीला जाऊन आलेले असतात, शेतीवाडी विचारून झालेली असते. मग पत्रिका दाखवून आलेले मामा नुसती मान हलवतात आणि बोलणे संपते. खरे तर ते वाक्यच अपुरे आहे. मंगळ प्रत्येकाच्या पत्रिकेत असतो, कारण नऊ ग्रह बारा घरांत कुठे ना कुठे मांडावेच लागतात. सांगायचे असते ते इतकेच, की तो ठरावीक पाच घरांपैकी एकात आहे. ही पाच घरे कोणती, तीच का, आणि त्यांवरून नेमके काय कळते, हे मुलीच्या वडिलांना सहसा कोणी उलगडून सांगत नाही. माझे म्हणणे असे आहे, की पत्रिकेचा अर्धा भाग आकाशाचा आहे आणि तो खरा आहे. उरलेला अर्धा भाग नियमांचा आहे आणि त्याला आकाशाचा आधार नाही. हे दोन भाग जिथे जोडलेले आहेत तो सांधा म्हणजे ग्रहांची दृष्टी. तो सांधा ज्याला दिसला, त्याला मंगळाची भीती वाटण्याचे कारण उरत नाही.

आपल्याकडे काढतात ती कुंडली म्हणजे एक चौकोन. त्याचे दोन कर्ण आखायचे, चारही बाजूंचे मध्यबिंदू एकमेकांना जोडायचे, की बारा घरे तयार होतात. वरच्या बाजूला मधोमध शंकरपाळ्याच्या आकाराचे जे घर असते ते पहिले, म्हणजे लग्नस्थान. तिथून डावीकडे मोजत जायचे. दुसरे घर धनाचे आणि कुटुंबाचे, चौथे सुखाचे, सातवे जोडीदाराचे, आठवे आयुष्याचे, दहावे कर्माचे, बारावे व्ययाचे. सातवे घर तळाशी, बरोबर पहिल्याच्या समोर येते. घरात लिहिलेला आकडा घराचा नसतो, राशीचा असतो, आणि नवखा माणूस पहिल्यांदा फसतो तो इथे. वरच्या घरात ५ लिहिले असेल तर ते पाचवे घर नव्हे, पाचवी रास, म्हणजे सिंह. अशा पत्रिकेला सिंह लग्नाची पत्रिका म्हणतात. लग्न या शब्दाचा इथे विवाहाशी संबंध नाही. जन्माच्या क्षणी राशीचक्राचा जो बिंदू पूर्वेच्या क्षितिजाला लागलेला, टेकलेला असतो, ते लग्न. पत्रिकेतला सगळ्यात कळीचा बिंदू हाच, कारण बारा घरांची मोजणी इथून सुरू होते. लग्न सरकले की प्रत्येक ग्रहाचे घर बदलते.

आणि ते फार भराभर सरकते. पृथ्वी चोवीस तासांत एक फेरी घेते, म्हणून तेवढ्या वेळात बाराही राशी पूर्वेला उगवून जातात. एकेक रास साधारण दोन तास आणि एकेक अंश साधारण चार मिनिटे. म्हणूनच पत्रिकेला जन्मवेळ लागते आणि जन्मस्थळही लागते. बुलढाणा शहर ७६ अंश रेखांशाच्या जरासे पलीकडे आहे, तर भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची. त्यामुळे बुलढाण्यात सूर्य डोक्यावरची रेषा सरासरीने दुपारी बारा वाजून पंचवीस मिनिटांनी ओलांडतो आणि मुंबईत एकोणचाळीस मिनिटांनी. मुंबईसाठी केलेले लग्नाचे कोष्टक दुरुस्ती न करता बुलढाण्याच्या बाळाला लावले, तर जवळजवळ तेरा मिनिटांची, म्हणजे तीन अंशांहून अधिक चूक होते. रास तीस अंशांची. याचा अर्थ दर दहा बाळांमागे एकाचे लग्नच चुकीच्या राशीत जाणार. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या ज्या पिढीचे जन्म खेड्यात, घरी, सुईणीच्या हाताखाली झाले, त्यांच्या जन्मवेळेचा पुरावा 'दिवे लागले होते' किंवा 'गुरं घरी आली होती' एवढाच असतो. ती वेळ अर्ध्या तासानेही इकडेतिकडे होऊ शकते, आणि अर्धा तास म्हणजे राशीचा चौथा हिस्सा.

इथपर्यंतचे सारे गणित आहे आणि ते किती भरवशाचे आहे याचा एक दाखला याच जिल्ह्याच्या लेकीशी जोडलेला आहे. सिंदखेड राजा हे जिजाऊंचे माहेर. त्यांच्या शिवनेरीवर जन्मलेल्या मुलाचा, शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखातला, म्हणजे १६२७ चा, असे दीर्घकाळ मानले जाई. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली ही सालवार नोंदींची जुनी यादी उजेडात आणली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी नोंद निघाली. पुढे जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात महाराजांची कुंडली मिळाली, तीही याच तिथीची. ही नोंद कागद-पेन्सिलीने तपासता येते. त्या दिवशी सूर्य कुंभ राशीत होता. वद्य तृतीया म्हणजे पौर्णिमा होऊन चंद्र थोडा पुढे गेलेला. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोर असतो, कुंभेच्या समोर सिंह, आणि सिंहेच्या पुढे कन्या. हस्त नक्षत्र बरोबर कन्येत येते. वारही शुक्रवारच निघतो. तिथी, वार, नक्षत्र एकमेकांना साक्ष देतात. कुंडलीचा हा अर्धा भाग म्हणजे आकाशातले घड्याळ आहे. त्या घड्याळाचा उपयोग इतिहासाच्या अभ्यासकांनी केला आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्थिरावली. पण त्याच कुंडलीवरून स्वराज्याचा संस्थापक ओळखता येतो का, हा प्रश्न अगदी निराळा आहे. त्याच घटकेला भूतलावर आणखीही मुले जन्मली असतील, आणि त्यांच्या कुंडल्या इतिहासाने जपून ठेवलेल्या नाहीत.

आता सांध्याकडे येऊ. ग्रह ज्या घरात बसतो त्याचे फळ देतोच, शिवाय जिकडे 'पाहतो' त्या घरावरही परिणाम करतो, असे फलज्योतिष सांगते. प्रत्येक ग्रहाची पूर्ण दृष्टी स्वतःपासून सातव्या घरावर असते. मंगळाला त्याशिवाय चौथी आणि आठवी, गुरूला पाचवी आणि नववी, शनीला तिसरी आणि दहावी अशा जादा दृष्टी दिलेल्या आहेत. मोजताना ग्रहाचे स्वतःचे घर पहिले धरायचे. हे नियम हाती आले की मंगळाचे कोडे आपोआप उलगडते. पहिल्या घरातला मंगळ सातव्या दृष्टीने सातवे घर पाहतो. चौथ्यातला मंगळ चौथ्या दृष्टीने तेच घर पाहतो. बाराव्यातला मंगळ आठव्या दृष्टीने पुन्हा तेच घर पाहतो. सातव्यातला तर तिथे ठाणच मांडून असतो. आठव्यातल्या मंगळाची नजर कुटुंबस्थानावर, दुसऱ्या घरावर जाते. १, ४, ७, ८, १२ ही पाच घरे आली ती अशी. तापट ग्रहाची नजर जोडीदाराच्या घरावर नको, एवढाच त्यामागचा विचार आहे. नियमांच्या आत राहून पाहिले तर तो सुसंगतही आहे.

पण आकाशाकडून पाहिले की काय दिसते? मंगळ मेषेत आणि शनी कर्केत आहे असे धरा. शनी मंगळापासून चौथा, म्हणून मंगळ शनीला पाहतो. मंगळ शनीपासून दहावा, म्हणून शनीही मंगळाला पाहतो. दोन पापग्रह एकमेकांवर पूर्ण नजर रोखून बसले, म्हणजे योग कडक. आता मंगळ तसाच मेषेत ठेवा आणि शनी मकरेत न्या. शनी मंगळापासून दहावा झाला, मंगळ शनीपासून चौथा. मंगळाला दहावी पूर्ण दृष्टी नाही आणि शनीला चौथी नाही. आता दोघांपैकी कोणीच कोणाला पूर्ण पाहत नाही. दोन्ही वेळा आकाशातले अंतर तीन राशींचे, म्हणजे नव्वद अंशांचेच. पहिल्यात ते एका बाजूने मोजले, दुसऱ्यात दुसऱ्या बाजूने, इतकाच फरक. अंतर तेच असताना एकदा टक्कर आणि एकदा शांतता, हे ग्रहांनी ठरवलेले नाही. माणसांनी घातलेल्या नियमाने ठरवले आहे. पाश्चात्त्य पद्धतीने पाहणारे ज्योतिषी दोन्ही ठिकाणी केंद्रयोगच धरतात, आणि तेही अनुभव सांगतात. शिवाय दृष्टीच्या हिशेबात ग्रहाचे अंतर कुठेच येत नाही. मंगळ कधी पृथ्वीपासून साडेपाच कोटी किलोमीटरवर येतो, कधी चाळीस कोटींवर जातो. त्याच्या नजरेचा जोर मात्र कोष्टकात तेवढाच राहतो. समुद्राला भरती चंद्रामुळे येते, मग ग्रह माणसावर परिणाम का करणार नाहीत, असे विचारले जाते. उत्तर याच ओळीत आहे. भरतीमागची ओढ अंतराबरोबर झपाट्याने कमी होते. ज्या नजरेला जवळ-दूर ठाऊक नाही तिला भरतीचा दाखला लागू पडत नाही.

आता पाच घरांचा हिशेब मांडू, कारण सगळ्यात जास्त सोयरिकी मोडतात त्या त्याच हिशेबावर. मंगळ एका राशीत सर्वसाधारणपणे दीड-दोन महिने राहतो. समजा, तो मिथुनेत आहे. त्या काळात बुलढाण्याच्या दवाखान्यात मिथुन लग्नावर जन्मलेल्या बाळाला मंगळ पहिला येईल, मीन लग्नाला चौथा, धनूला सातवा, वृश्चिकेला आठवा, कर्केला बारावा. बारांपैकी पाच लग्ने, म्हणजे रोजच्या चोवीस तासांतले साधारण दहा तास. त्या दहा तासांत जन्मलेले प्रत्येक बाळ मंगळाचे. वर्षातला कोणताही दिवस घ्या, मंगळ कुठल्याही राशीत असो, हिशेब जवळपास हाच राहतो. म्हणजे बारा मुलींमागे पाच आणि बारा मुलग्यांमागे पाच. एकाला मंगळ आणि दुसऱ्याला नाही, अशी जोडी नको म्हणतात. सहज समोर येणाऱ्या १४४ जोड्या घेतल्या तर त्यांतल्या ७० अशा निघतात. जवळजवळ निम्म्या! लग्नाबरोबर चंद्रापासूनही मंगळ पाहायचा म्हटले, तर दोन तृतीयांश माणसे मंगळाची ठरतात. एवढ्या मोठ्या लोकसंख्येला धोक्याची ठरवणारा नियम टिकूच शकत नाही, म्हणून त्याला अपवाद जोडावे लागले. मंगळ स्वराशीत असेल तर दोष नाही, उच्चीचा असेल तर नाही, गुरूची दृष्टी असेल तर नाही, समोरच्या पत्रिकेत शनी तशाच घरात असेल तर नाही. सौम्य मंगळ, कडक मंगळ हे भेद त्यातूनच आले. अपवादांची यादी जितकी लांब, तितका निर्णय पत्रिकेच्या हातून सुटून पत्रिका पाहणाऱ्याच्या हाती जातो. ज्या घरांना सोयरीक करायचीच असते त्यांना अपवाद सापडतो. ज्यांना नको असते त्यांना मंगळ सापडतो. बोल मात्र मुलीच्या माथी लागतो.

ग्रह कोणत्या राशीत आहे याबद्दल तरी एकमत असावे, पण तेही नाही. राशीचक्राचा आरंभ कुठून धरायचा, म्हणजे अयनांश किती घ्यायचे, यावर महाराष्ट्रातच दोन पक्ष आहेत. भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने २१ मार्च १९५६ या दिवसाचे अयनांश सव्वातेवीस अंश धरले, आणि बहुतेक पंचांगे त्याच्या आसपास चालतात. केरो लक्ष्मण छत्रे यांच्या गणितापासून चालत आलेले आणि पुढे टिळकांच्या नावाने ओळखले गेलेले पंचांग सुमारे चार अंश कमी घेते. तीस अंशांच्या राशीत चार अंश म्हणजे दर सात-आठ ग्रहांमागे एक ग्रह एका पंचांगात एका राशीत आणि दुसऱ्यात शेजारच्या राशीत. दोन्ही पंचांगांमागे तळमळीचे अभ्यासक होते, आणि त्यांचा वाद खगोलाच्या दृष्टीने प्रामाणिक होता. पण एका पंचांगावरून दुसऱ्यावर गेले की जिच्या चंद्राची रास बदलते आणि चंद्रापासूनचा मंगळ नाहीसा होतो, त्या मुलीचा संसार तरी दोन पंचांगांत दोन प्रकारचा होणार नाही. हे शास्त्र वेदांइतके जुने, त्यावर शंका घ्यायची नाही, असेही म्हणतात. वेदांग ज्योतिषात तिथी-नक्षत्रांचे गणित आहे, बारा राशी आणि बारा घरे नाहीत. केंद्र, पणफर, आपोक्लिम हे आपल्या ग्रंथांतले घरांचे शब्द ग्रीकांकडून आले. सातव्या घराचे जामित्र हे नावही समोरासमोरच्या रेषेसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलेले आहे.

'मग शतकानुशतकांचा अनुभव खोटा म्हणायचा का?' हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर तर्काने नव्हे, मोजून द्यावे लागते. तसे मोजण्याचे काम महाराष्ट्रात झालेले आहे. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि एकेकाळी स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा जमवल्या. कुंडल्या मिसळल्या, आणि भाग घेणाऱ्या ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पाठवल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली एवढेच ओळखायचे होते. एक्कावन्न जण तयार झाले, सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. नुसते नाणे उडवले असते तरी चाळिसात वीस बरोबर आली असती. या सत्तावीस जणांची सरासरी १७.२५ निघाली, सर्वांत चांगले उत्तर चोवीसचे होते. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या दोनशे कुंडल्या पाहिल्या आणि त्यांतल्या १०२ ओळखल्या. 'नेचर' या नियतकालिकात १९८५ साली शॉन कार्लसन यांनी अमेरिकेत केलेली चाचणी छापून आली. तिथली पद्धत पाश्चात्त्य, ज्योतिषी वेगळे, तरी निकाल असाच. यावर म्हटले जाते, की बुद्धी नुसत्या पत्रिकेवरून कळत नाही, किंवा चांगले ज्योतिषी त्यात नव्हते. पण जे उतरले होते त्यांनी ओळखता येईल असे मानूनच उत्तरे दिली होती. आणि बुद्धीसारखी ढळढळीत गोष्ट ज्या कागदावर दिसत नाही, त्यावर वीस वर्षांनी होणाऱ्या नवऱ्याचे आयुष्य दिसते, असे मानायला काय आधार उरतो?

अनुभव येतो तो मात्र खराच येतो. मंगळाची मुलगी म्हणून सांगितलेल्या घरात काही वाईट घडले, तर ते गावाच्या लक्षात राहते. मंगळ असूनही तीस-तीस वर्षे सुखाने नांदणाऱ्या बायका आपापल्या घरी भाकऱ्या थापत असतात आणि त्यांची मोजदाद कोणी करत नाही. बारांत पाच या हिशेबाने त्या प्रत्येक गल्लीत असणारच. या बाबतीत याच जिल्ह्यातली एक परंपरा पत्रिकेपेक्षा मोकळी आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोल रिंगणात अठरा धान्ये, मधे खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, तिच्यावर पुरी, पापड, कुरडई, आणि राजाच्या गादीचा पानविडा. रात्री तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे सूर्योदयाआधी वाघ घराण्यातले महाराज कोणते धान्य सरकले, कोणते ढेकूळ भिजले ते पाहतात आणि जमलेल्या शेतकऱ्यांसमोर पाऊसपाण्याचे भाकीत सांगतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी ही परंपरा सुरू केली असे सांगतात. धान्याचा दाणा सरकण्याचा आणि ऑगस्टमधल्या पावसाचा संबंध मला मान्य नाही, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी तिच्यावर घेतलेले आक्षेप योग्य वाटतात. पण भेंडवळचे भाकीत चारचौघांत, ठरलेल्या दिवशी, महिन्यांची नावे घेऊन केले जाते. तालुक्याच्या पर्जन्यमापकाशी ते दरवर्षी लेखी ताडून पाहता येते, आणि तसे ते पाहिले जावे. मंगळाचे भाकीत बंद खोलीत होते. ज्या मुलीला नाकारले तिचा संसार पुढे कसा झाला, हे नाकारणाऱ्यांना कधी कळतच नाही. चुकले ते कळायला जागाच नसली, तर अनुभव साठणार कुठे?

शेवटचा आक्षेप मायेचा आहे. लग्नासारख्या मोठ्या निर्णयात माणूस घाबरलेला असतो, पत्रिकेने धीर मिळतो, मग बिघडते काय? ज्याला धीर मिळतो त्याच्यापुरते कदाचित काही बिघडत नसेल. पण तोच कागद समोरच्या घरी मुलीला तिच्या जन्माची वेळ दोष म्हणून चिकटवतो, आणि मग वयाची वर्षे जातात, शांतीचे, पूजेचे खर्च होतात, मंगळ लपवायला जन्मवेळ पाच-दहा मिनिटांनी मागेपुढे लिहिली जाते. ज्या घड्याळाने शिवजन्माची तिथी लावून दिली, त्याच घड्याळाचे काटे हाताने फिरवावे लागतात.

दोन घरांनी एकमेकांचे कागद पाहायचेच असतील, तर विदर्भात एक तपासणी खरोखर जोडी पाहून करण्यासारखी आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार इथल्या अनेक समाजांत आढळतो. वाहक माणूस धडधाकट असतो, त्याला स्वतःला काही जाणवत नाही. पण नवराबायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता बाळाला आजार होण्याची असते. हे प्रमाण जगभर मोजलेले आहे आणि ते पंचांगागणिक बदलत नाही. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पहिली चाचणी होते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासलेल्यांना कार्ड मिळते, आणि लग्नाआधी दोघांची कार्डे शेजारी ठेवून पाहता येतात. दोघेही वाहक निघाले तरी लग्न मोडलेच पाहिजे असे नाही. गरोदरपणात गर्भाची तपासणी करता येते, आणि पुढे काय करायचे ते दोघांनी डॉक्टरांपुढे बसून ठरवता येते.